बॅनरवर सगळ्यात मोठं नाव त्यांचं

सीमाभागातल्या मराठी संघटनांत काम करणाऱ्या माझ्या तरुण भावांनो आणि बहिणींनो,

जय महाराष्ट्र.

मी बेळगावच्या शहापुरात गेली २२ वर्षं डीटीपी आणि फ्लेक्सचं दुकान चालवतोय. तुमच्यातले निम्मे तरी माझ्या दुकानात कधी ना कधी येऊन गेलेत, रात्री अकराला शटर अर्धं खाली असताना "काका एक अर्जंट आहे" म्हणत आत शिरलेत, आणि मी कधी कुणाला नाही म्हटलेलं नाही. हे पत्र रागानं लिहीत नाही. बरेच दिवस मनात साठलंय, तोंडावर बोलायला गेलं की विषय भलतीकडं जातो, कुणीतरी मध्येच घोषणा देतो आणि चहा येतो आणि राहून जातं, म्हणून आता लिहून काढालोय.

मागच्या वर्षी पावसाच्या तोंडावर दोघं पोरं आली, वीस-बावीस वर्षांची, गाडी बाहेर चालूच ठेवून. १० बाय ८ चे पाच बॅनर पाहिजेत, सकाळी सहाच्या आत चौकात लागले पाहिजेत. मॅटर व्हॉट्सॲपवर आलं. वर 'जाहीर निषेध', त्याखाली त्या कन्नड संघटनेचं नाव, त्याखाली त्यांच्या पुढाऱ्याचा फोटो आणि त्यावर लाल फुली, बाजूला वज्रमूठ, तळाला आपल्या नऊ जणांचे फोटो पदांसकट. पोरं म्हणाली काका ते नाव मोठं करा, अजून मोठं, लांबनं दिसलं पाहिजे. केलं. मग खाली दोन ओळींची जागा राहिली होती म्हणून मी विचारलं, इथं आपली मागणी काय लिहू? दोघं एकमेकाकडं बघाय लागली. एकानं फोन लावला, पलीकडनं बराच वेळ कुणी काय बोललं नाही, मग आवाज आला की मागणी राहू दे, त्या जागेत अजून एक फोटो बसतोय का बघ.

बसवला फोटो. सकाळी साडेसातला मी त्या चौकातनं गेलो तर लांबनं फक्त एकच गोष्ट वाचता येत होती, त्यांच्या संघटनेचं नाव. आपल्या वर्गणीच्या पैशानं, आपल्याच गल्ल्यांत, आपणच त्यांचं नाव पाच ठिकाणी दहा फुटांत लावलेलं. मला त्या दिवशी दुकान उघडूच वाटेना.

त्याच आठवड्यात एका मराठी शाळेच्या मुख्याध्यापिका बाई आल्या होत्या. शाळेचं नाव सांगत नाही. त्यांना ३ बाय २ चा एकच बॅनर पाहिजे होता, 'प्रवेश सुरू आहे', पैसे पुढच्या महिन्यात देते म्हणाल्या. पहिलीला गेल्या वर्षीपेक्षा आठ पोरं कमी आलीत, अजून चार कमी झाली तर वर्ग टिकणार नाही, गल्लीगल्लीत फिरायला कुणीतरी दोन पोरं दिली असती तर बरं झालं असतं म्हणाल्या. मी आपल्या तीन जणांना फोन केले. तिघंही चांगली पोरं आहेत, तिघांनीही नक्की येतो म्हणून सांगितलं, आणि त्या रविवारी तिघंही निषेधाच्या मोर्चात होती. मोर्चाचे फोटो मला रात्री ग्रुपवर दिसले.

मला हेच बोलायचंय. आपण कोण आहोत हे कुणी विचारलं की हल्ली आपण पहिल्यांदा सांगतो की आपण कुणाच्या विरोधात आहोत. अमुक संघटना आपली दुश्मन, तमुक पक्ष मराठीद्वेष्टा, ते अमुक चॅनल बघायचं नाही. हे सगळं खरंच असेल, त्याबद्दल माझं भांडण नाही. खरं मला सांगा, त्या संघटनेनं उद्या ऑफिसला कुलूप लावलं, त्यांचा पुढारी राजकारण सोडून शेती कराय गेला, तर परवा सकाळी तुम्ही काय करणार? तुमच्या ग्रुपवर त्या दिवशी काय पडणार? मी स्वतःला हा प्रश्न विचारला तेव्हा मला बराच वेळ उत्तर आलं नव्हतं.

कारण मी पण त्याच वाटेनं आलोय. २००५ ला बेळगाव महापालिकेनं महाराष्ट्रात जायचा ठराव केला आणि त्यावरनं आपल्या महापौरांच्या तोंडाला बेंगळुरात काळं फासलं, पुढं महापालिकाच बरखास्त केली, तेव्हा मी तिशीत होतो. त्या रात्री झोप लागली नाही. पुढचे कितीतरी महिने मी सकाळी उठल्या उठल्या पहिल्यांदा कन्नड पेपर घ्यायचो, आपल्याबद्दल त्यांनी काय लिहिलंय ते बघायला. त्यांचा कुठला पुढारी कुठल्या गावी काय बोलला हे मला तारखेसकट पाठ असायचं. त्याच काळात आमच्या गल्लीतलं मराठी वाचनालय बंद पडलं, पुस्तकं एका गोडाऊनमध्ये गेली, आणि ते मला कळलं तब्बल आठ महिन्यांनी. माझ्या घरापासून ते चालत तीन मिनिटावर होतं.

माझे वडील १९५६ ला सोळा वर्षांचे होते. १६ जानेवारीला रेडिओवर बातमी आली की बेळगाव म्हैसूर राज्यात जाणार, आणि १७ जानेवारीला लोक रस्त्यावर उतरले, गोळीबार झाला. वडील त्या गर्दीत होते. त्यांनी मला ते फार वेळा सांगितलं नाही, सांगताना आवाज बदलायचा. दरवर्षी १७ जानेवारीला हुतात्मा चौकात जायचे, १ नोव्हेंबरला, म्हणजे बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं त्या दिवशी, काळी फीत लावायचे, संभाजी उद्यानातनं निघणाऱ्या सायकल फेरीत पंच्याहत्तरीपर्यंत चालले. १ जूनला हिंडलग्याला पण जायचे, १९८६ च्या कन्नड सक्तीच्या आंदोलनात जे गेले त्यांच्यासाठी. म्हणजे विरोध कमी होता असं नाही. अपमान त्यांनी आपल्यापेक्षा जास्त बघितला होता.

खरं त्यांच्या तोंडात मी कधी कुठल्या कन्नड संघटनेचं नाव ऐकलं नाही. त्यांना विचारलं की आपलं म्हणणं काय, तर ते चार गोष्टी सांगायचे, पाटसकरांचं सूत्र म्हणायचे त्याला. खेडं हा घटक धरा, भाषा कुणाची जास्त ते बघा, जमीन सलग आहे का बघा, आणि लोकांना काय पाहिजे ते विचारा. आंध्र आणि मद्रासची हद्द ठरवताना हेच धरलं होतं, मग आम्हालाच वेगळा न्याय का, एवढंच त्यांचं भांडण. सेनापती बापट उपोषणाला बसले, मग सीमेचा वाद बघायला १९६६ ला महाजन आयोग नेमला, १९६७ ला अहवाल आला, त्यात निपाणी आणि खानापूर धरून २६४ गावं महाराष्ट्राला द्यायला सांगितली, २४७ गावं कर्नाटकाला, आणि बेळगाव शहर मात्र इकडंच ठेवलं. वडिलांनी ते सगळं कुठनं तरी मिळवून वाचलं होतं, समासात पेन्सिलीनं खुणा केल्या होत्या, कुठं कुठं "चूक" असं लिहिलं होतं आणि पुढं कारण लिहिलं होतं. चंदगड तालुका बेळगाव जिल्ह्यातच होता आणि तो १९५६ ला तिकडं गेला, मग सुळगा-उचगाव का नाही, हे ते नकाशा पुढ्यात घेऊन समजावायचे. कन्नड त्यांना आपल्यापेक्षा चांगलं यायचं. कन्नड माणसाशी ते कन्नडमध्येच वाद घालायचे आणि तो माणूस नंतर घरी जेवायला पण यायचा.

आता तुम्हाला विचारतो, रागावू नका. महाराष्ट्रात गेली पाहिजेत म्हणून आपण ८६५ गावं, ८६५ गावं म्हणतो. ती कुठल्या कुठल्या तालुक्यात आहेत हे तुमच्या ग्रुपमधले किती जण सांगतील? २००४ ला महाराष्ट्रानं सुप्रीम कोर्टात जो दावा टाकला त्यात नक्की काय मागितलंय? मी गेल्या महिन्यात दुकानात आलेल्या सहा जणांना विचारलं. एकाला थोडंफार माहीत होतं. आणि त्याच सहा जणांना मी विचारलं की त्या संघटनेचा अध्यक्ष परवा काय बोलला, तर सहाच्या सहा जणांनी मला व्हिडिओ काढून दाखवला, त्यातल्या दोघांना तर त्याचं भाषण जसंच्या तसं म्हणता येत होतं. पोरं हुशार आहेत. पाठ करायची ताकद आहे. पाठ काय करायचं हे मात्र पलीकडचा ठरवतोय.

दुसरी एक गोष्ट सांगतो, ही मी कधी कुणाला सांगितली नव्हती. माझ्याकडं मशीनवर जो पोरगा आहे तो घरी कन्नड बोलणारा, ११ वर्षं झाली त्याला माझ्याकडं. आपले निषेधाचे सगळे बॅनर त्यानंच छापलेत, आयलेट मारून, गुंडाळून, तुमच्या हातात दिलेत. त्याचा मामेभाऊ दुसऱ्या एका दुकानात हेच काम करतो, तिथं लाल-पिवळ्या कन्नड झेंड्यावाल्यांच्या ऑर्डरी जातात. एकदा त्यानं मला मोबाईलवर त्यांच्या बॅनरची फाईल दाखवली. तीच मूठ, तीच लाल फुली, तळाला तसेच नऊ-दहा फोटो पदांसकट. रंग बदललेला. आणि मधोमध, सगळ्यात मोठ्या अक्षरात, आपल्या संघटनेचं नाव. माझ्या अंगावर काटा आला बघा. तिकडची पोरं पण रात्री अकराला अर्ध्या शटरखालनं आत जात असणार, त्यांच्याकडं पण कुणी मागणी विचारली तर फोन लावत असणार. त्यांना आपण पाहिजे आहोत आणि आपल्याला ते पाहिजे आहेत. आपण नसलो तर ते काय लिहिणार बॅनरवर?

त्यांची चूक नाही असं मी म्हणत नाही, कुणी तसा अर्थ काढू नका. २०१४ ला येळ्ळूरचा 'महाराष्ट्र राज्य' लिहिलेला फलक काढला आणि लोकांच्या घरात घुसून लाठ्या मारल्या, ते मी विसरलेलो नाही. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला, म्हणजे आपण काळी फीत लावतो त्याच दिवशी, बेळगावचं बेळगावी केलं. २००६ पासनं इथं विधानसभेचं अधिवेशन भरवतात, २०१२ ला सुवर्ण विधानसौध उभी केली, कशासाठी ते शेंबड्या पोरालाही कळतंय. हे सगळं आपल्यावर झालंय आणि त्याला विरोध करायलाच पाहिजे, मी पण करतोय. विरोध करणं वेगळं आणि विरोध हाच आपला पत्ता होऊन बसणं वेगळं.

तसं झालं की काय होतं ते गेल्या वर्षी फेब्रुवारीत, २०२५ ला, आपण बघितलं. सुळेभावी-बाळेकुंद्रीकडच्या बसमध्ये तिकिटावरनं आणि भाषेवरनं वाद झाला, कंडक्टरला मारहाण झाली. मग तिकडं चित्रदुर्गजवळ महाराष्ट्राच्या एसटीच्या ड्रायव्हरला काळं फासलं. मग दोन्हीकडच्या बसगाड्या बंद. कोल्हापूरला औषधपाण्याला जाणारी माणसं, निपाणीला नोकरीला जाणाऱ्या बायका, सगळी स्टँडवर बसून. त्यातला कोण किती चुकला ते कोर्ट बघेल. मला वाईट वाटलं ते दुसऱ्याच गोष्टीचं, की त्या चार-पाच दिवसांत मी जेवढ्या पोस्टी बघितल्या, आपल्या आणि त्यांच्या, त्यात सुळेभावी हे नाव हजारदा आलं असेल आणि एकानंही लिहिलं नाही की कुमार गंधर्व त्याच सुळेभावीत जन्मले, १९२४ ला. घर कन्नड, गाणं शिकले मुंबईत देवधर मास्तरांकडं, राहिले देवासला, आणि मराठी गाणी अशी गायली की आपली आई-आजी डोळे मिटून ऐकायच्या. तो माणूस आपला की त्यांचा हे कुणाला विचारायचं? सुळेभावी हे गाव आपल्याला कळलं ते एका मारामारीमुळं.

आणि विरोधावर ओळख उभी केली की अजून एक होतं, ते जास्त वाईट. ती ओळख रोज तपासावी लागते. कालचा निषेध आज चालत नाही, आज कालच्यापेक्षा कडक पाहिजे, आणि जो कडक बोलला नाही तो संशयात. माझ्यावर ही वेळ आलीय. २०२४ ला तो कायदा बदलला ना, दुकानाच्या पाटीवर ६० टक्के कन्नड पाहिजे आणि ते वर पाहिजे म्हणून, तेव्हा आमच्या भागातल्या मराठी दुकानदारांची माझ्याकडं रांग लागली. भीतीनं निम्म्या लोकांनी मराठी काढूनच टाकली, वर कन्नड आणि खाली इंग्लिश. मी एकेकाला बसवून समजावलं, की बाबा ६० टक्के त्यांचं म्हटलंय, उरलेल्या ४० टक्क्यात मराठी लिहायला कुणी अडवलेलं नाही, इंग्लिशच कशाला पाहिजे. मी स्वतः माप घेऊन, स्केल लावून, पाट्या करून दिल्या, बऱ्याच पाट्यांवर मराठी टिकली ती त्यामुळं. आणि एक दिवस आपल्याच एका ग्रुपवर माझ्या दुकानाचा फोटो पडला, "कन्नड पाट्या छापून पैसे कमावणारा गद्दार". ज्यानं टाकला त्याचं लग्नाचं कार्ड मी केलं होतं. मी उत्तर दिलं नाही. दोन रात्री जेवण गेलं नाही, हे मात्र खरं.

तो पोरगा वाईट नाही. त्याला शिकवलंच असं गेलंय की मराठी माणूस म्हणजे जो कन्नडच्या विरोधात दिसतो तो. मग पाटीवर मराठी टिकवणारा त्याला दिसतच नाही, कारण त्या कामात विरोध दिसत नाही, आवाज होत नाही, फोटो निघत नाही. असं करत करत आपण आपलीच माणसं बाजूला काढत गेलो. २०१३ ला आपल्या महाराष्ट्र एकीकरण समितीचे दोन आमदार होते, २०१८ ला फूट पडली आणि एकही नाही, २०२३ ला पण नाही. दर वेळी म्हणतो राष्ट्रीय पक्षांनी पैसा ओतला. ओतला असेल. खरं आपल्यातल्या प्रत्येकाला दुसरा कमी विरोधक वाटत होता, हे पण त्यात आहेच की.

आपल्याकडं याच मातीत दुसऱ्या पद्धतीनं पण लोक एकत्र आलेत, म्हणून मला आशा आहे. सार्वजनिक वाचनालय बघा, १८४८ चं. तेव्हा ना कर्नाटक होतं ना महाराष्ट्र, कुणाच्या विरोधात काढणार? वाचायला पाहिजे म्हणून काढलं आणि अजून चालू आहे. १९४६ ला बेळगावला साहित्य संमेलन झालं, माडखोलकर अध्यक्ष होते, संयुक्त महाराष्ट्राचा ठराव तिथंच झाला. आपल्याला काय पाहिजे ते त्या माणसांनी स्वच्छ लिहून ठेवलं, मुंबईसकट सगळा मराठी मुलूख एक पाहिजे. त्या एका वाक्यावर पुढं केवढी चळवळ उभी राहिली.

आणि निपाणी. तुमच्यातल्या निपाणी-चिक्कोडीच्या पोरांनी घरात आजोबा असतील तर त्यांना विचारा १९८१ बद्दल. तंबाखूला भाव मिळेना, व्यापारी म्हणतील तो दर, तेव्हा शरद जोशींच्या मागनं हजारो शेतकरी बायकापोरांसकट हायवेवर जाऊन बसले, दिवसेंदिवस बसले, शेवटी गोळीबार झाला, माणसं गेली. त्या रस्त्यावर मराठी शेतकरी होता आणि कन्नड शेतकरी पण होता, एकाच चुलीवरची भाकरी खाल्ली. तंबाखू पिकवणारा मी, मला माझ्या घामाचा भाव पाहिजे, एवढी त्यांची ओळख होती. त्याच निपाणीत विड्या वळणाऱ्या बायकांनी संघटना केली, त्यांना कुणी विचारलं नसेल घरी काय बोलता म्हणून. मालकाशी त्या भांडल्या, दणकून भांडल्या, म्हणजे विरोध होताच, खरं आधी मजुरी होती आणि मग विरोध. आपल्याकडं हल्ली ते उलटं झालंय.

आमच्या शहापूर-वडगावच्या शिवारात आजही तेच आहे. बळ्ळारी नाल्याचं पाणी भातात शिरतं तेव्हा ते सातबारा बघून शिरत नाही की शेतकरी मराठी की कन्नड. बासमतीचं शेत कुजलं की दोघांचं कुजतं. हलगा-मच्छे बायपासला पिकाऊ जमीन द्यायची नाही म्हणून शेतकरी वर्षानुवर्षं भांडले, कोर्टात गेले, जेसीबीपुढं आडवे झाले. त्या बायका-माणसांना रात्री कुठल्या संघटनेनं काय पोस्ट टाकली ते माहीत नसायचं, जमिनीचे सर्व्हे नंबर मात्र सगळ्यांचे पाठ होते.

आणि कडोली, येळ्ळूर, उचगाव, कारदगा, बेळगुंदी. जिथं एसटी वेळेवर येत नाही अशा गावांत दरवर्षी साहित्य संमेलन होतं. घरोघर तांदूळ-पैसे गोळा होतात, ग्रंथदिंडी निघते, बायका डोक्यावर कळशी घेऊन पुढं, पोरं लेझीम घेऊन, मांडवात अख्खं गाव भाषण ऐकत बसतं आणि मग पंगत. पुण्या-मुंबईचे पाहुणे येऊन थक्क होतात. मी दरवर्षी त्यातल्या दोन-तीन संमेलनांचे बॅनर करतो. त्यावर कुणाच्या फोटोवर फुली नसते. ज्ञानोबा-तुकोबा असतात, गावच्या देवीचा फोटो असतो, कार्यक्रम लिहिलेला असतो, आणि मागणीची जागा विचारायला लागत नाही, ठराव आधीच लिहून आणलेले असतात. मला ते बॅनर करताना हात हलका वाटतो. माझ्या आयुष्यात मी मराठी आहे असं सगळ्यात जास्त मला कुठं वाटलं असेल तर कडोलीच्या मांडवात, मोर्चात नाही. मोर्चात मला राग आला होता.

तेव्हा माझं म्हणणं एवढंच आहे की पुढच्या वेळी बॅनरला याल तेव्हा मॅटर उलटं लिहून आणा. आधी आपल्याला काय पाहिजे ते, मोठ्या अक्षरात. मग कुणाकडनं पाहिजे ते. ज्याच्यामुळं अडलंय त्याचं नाव लागलंच तर बारीक अक्षरात शेवटी. आणि काय पाहिजे हे शोधायला लांब जायला नको. मातृभाषेतनं प्राथमिक शिक्षण, घटनेच्या ३५० अ कलमात आहे. जिथं एखादी भाषा बोलणारे १५ टक्क्यांच्या वर असतील तिथं सरकारी सूचना, परिपत्रकं त्यांच्या भाषेत द्यावीत, हे १९५६ लाच केंद्र सरकारनं भाषिक अल्पसंख्याकांसाठी ठरवलेलं आहे. बेळगाव शहरात आणि खानापुरात आपण किती आहोत ते तुम्हाला मी सांगायला नको. तुमच्यातली काही पोरं हे घेऊन कलेक्टर ऑफिसला फेऱ्या मारतात, निवेदनं देतात, मी त्यांना ओळखतो, त्यांच्या निवेदनाच्या झेरॉक्स मीच काढतो. चार जण असतात. मोर्चाला चारशे. त्या चार जणांच्या मागं निम्मे जरी गेले तरी साहेबाला खुर्चीतनं उठून बोलावं लागेल.

सीमाप्रश्न सोडा असं मी मरेपर्यंत म्हणणार नाही. वडिलांची ती पेन्सिलीच्या खुणांची वही माझ्याकडं आहे. कोर्टात निकाल लागायचा तेव्हा लागेल, आणि तो आपल्या बाजूनं लागला त्या दिवशी इथं मराठी वाचणारं पोरगं, मराठी पाटी, मराठी शाळा शिल्लक पाहिजे, नाहीतर काय घेऊन जाणार आपण महाराष्ट्रात? एक झेंडा आणि एक दुश्मन?

तुमच्यातल्या ज्यानं मला गद्दार म्हटलं त्याला पण सांगतो, बाळा ये. मला राग नाही.

येत्या रविवारी सकाळी दहाला मी त्या मुख्याध्यापिका बाईंना दुकानात बोलावलंय. त्यांच्याकडं गल्लीवार यादी आहे, कुठल्या घरात पाच-सहा वर्षांचं पोरगं आहे ती. दोघा-दोघांच्या जोड्या करायच्या आणि घरोघर जायचं, एका जोडीला वीस घरं. पत्रकं मी छापून ठेवलीत, त्याचे पैसे नकोत. प्रवेश संपेपर्यंत कुठल्याही मराठी शाळेचा बॅनर माझ्याकडं फुकट. मराठी परिपत्रकासाठीच्या अर्जाचा नमुना पण तयार आहे, मराठीत मी टाईप केलाय, कन्नडमध्ये माझ्या मशीनवाल्यानं करून दिलाय, ऑफिसात कुणी भाषा कळली नाही म्हणायला नको म्हणून. येताना मतदार कार्डाची झेरॉक्स आणा, नसली तर इथं काढून देतो.

रविवारी दुकान दुपारी दोनपर्यंत उघडं आहे.

तुमचाच,
शहापूरचा फ्लेक्सवाला काका